शून्याची चूक

वस्तू मी शेवटी बघते.
आधी फोटोतली फरशी,
पडदे आहेत की काढलेत,
कोपऱ्यात सुतळीने बांधलेली खोकी.
पडदे काढलेले म्हणजे बदली,
बदली म्हणजे रविवारच्या आत सगळं जायला हवं,
म्हणजे दोन हजारांचा मिक्सर सहाशेला.
फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला असेल
तर पैसे सकाळीच लागणार आहेत.
तिथे मी ‘आहे का?’ एवढंच विचारते
आणि वीस मिनिटं गप्प बसते.

हे कुणी शिकवलं नाही.
वाघोडिया रोडच्या दोन खोल्यांत
गादीवर पालथं पडून, फोन चार्जिंगला लावून
तीन वर्षांत आपोआप आलं.
माझ्या फोटोत फरशी दिसत नाही.
मी आधी पांढरी चादर अंथरते.

सगळ्यात जास्त सुटतं
ते नाव न कळलेल्या वस्तूत.
नाव चुकलं की शोधणाऱ्यांना ती सापडत नाही.
म्हणून मी चुकाच शोधते.
‘लिहायची मशीन.’ ‘डॉक्टरचा पंप.’
आणि मंगळवारी, पावणेदोनला:
‘लोखंडी चिमटा जुना, डब्बीसकट. २५०.’
फोटो आडवा, अर्धा अंगठा आत.

मी उठूनच बसले.
अण्णा मकरपुऱ्यात टर्नर होते.
असा चिमटा एकतीस वर्षं त्यांच्या छातीच्या खिशात,
आम्हाला बोट लावू द्यायचे नाहीत.
मायक्रोमीटर. जपानी.
साडेचार हजार, डोळे मिटून.

मांजलपूर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
जिगीषाबेनने पाणी दिलं, मग ताकही.
‘सासऱ्यांचा आहे. कशाला लागतो, देव जाणे.’
आतल्या खोलीत टीव्हीवर भजन, मोठ्याने.
‘ते आता नुसतं तेच बघतात.’

तिच्या मुलाला मात्र ठाऊक होतं.
हेतने टाळूवरचा एक केस उपटला,
दोन जबड्यांत धरला, मागची मूठ फिरवली,
टिक्, टिक्, टिक्.
‘सात रेघा! दादाने शिकवलंय.’
आत भजनाचा आवाज एकदम खाली आला.

मी म्हणाले, ‘छेल्ला भाव?’
का म्हणाले, कोण जाणे. जिभेची सवय.
अडीचशेच तर होते.
ती हसली. ‘जाऊ द्या, दोनशे द्या.’
मी डब्बी पर्समध्ये सारली,
हेतकडे बघितलं नाही.
जिना उतरताना कान वर, तिसऱ्या मजल्याकडे.
आवाज पुन्हा वाढला की नाही
ते ॲक्टिव्हा सुरू होईपर्यंत कळलं नाही,
आणि सुरू झाल्यावर कसं कळणार.

रात्री चादरीवर ठेवला, पुसला,
जबडे मिटले अलगद, अण्णा मिटायचे तसे.
शून्यावर येईना.
पुन्हा पुसला. पुन्हा मिटला.
दोन रेघा पुढे.
म्हणजे कशामध्येच काही नसताना
हा दोन दाखवतो.
म्हणजे त्या पोराचा केस सात नव्हता,
पाच होता,
आणि दादाने हे शिकवायच्या आत
त्यांचं शिकवणंच थांबलं असणार.

माझा केस मोजला. अकरा.
शंभराची नोट मोजली. दोनशेतली पन्नास
जी वाचली होती, ती सुटी नाणी होती,
जबड्यात धरली तर सरकून पडली.

जाहिरातीत सगळं खरं लिहिलं:
मायक्रोमीटर, जपानी, मूळ लाकडी डब्बीत.
एकाच घरात वापरलेला.
खोट: शून्यावर दोन रेघा जास्त.
किंमत ४८००.

दुसऱ्या दिवशी राजकोटहून कुणी रमणीकभाई.
भाव केला नाही.
एवढंच लिहिलं,
‘चालशे. आम्ही वजा करून घेऊ.’